लेकराच्या डोक्याला मार: पीएचसीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

विदर्भातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) किंवा उपकेंद्रात नव्याने रुजू झालात की डोक्याला मार लागलेलं लेकरू तुमच्यासमोर येणारच. उन्हाळ्यात चिंचेच्या नाहीतर मोहाच्या झाडावरून पडलेलं, संक्रांतीला पतंगाच्या नादात कठडा नसलेल्या स्लॅबवरून खाली आलेलं, कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून फेकलं गेलेलं, कधी बैलाने उडवलेलं. बाजेवरून आणि साडीच्या झोळीतून पडलेली तान्ही बाळं तर बाराही महिने येतात. मोटरसायकलच्या टाकीवर बसवून नेलेल्या पोरांचं प्रमाणही बरंच आहे.

यातली बहुतेक मुलं काही न होता घरी जातात. मोजक्यांच्या कवटीत रक्त साचत असतं, आणि पहिल्या तासात ती बाकीच्यांसारखीच दिसतात, बिस्किट खातात, आईच्या पदराशी खेळतात. त्या मोजक्यांना वेळेत ओळखणं हे तुमचं काम. सीटी स्कॅन तुमच्याकडे नाही, न्यूरोसर्जन तर दूरच. घड्याळ, टॉर्च, कागद-पेन आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासण्याची चिकाटी मात्र तुमच्याकडे असू शकते. एका तपासणीवर विसंबू नका. मूल सुधारतंय की बिघडतंय, हा बदल टिपला गेला तर निदान हाती लागतं. हा लेख वैद्यकीय अधिकारी, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी) आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. औषधांच्या मात्रा जिथे दिल्या आहेत तो भाग डॉक्टरांसाठी समजावा.

आधी श्वास, मग डोकं

रक्ताने माखलेलं डोकं पाहून सगळ्यांचे हात तिकडेच जातात. तुम्ही मात्र आधी श्वास पाहा. बेशुद्ध मुलाची जीभ मागे पडून किंवा उलटी घशात जाऊन श्वास अडतो, आणि मार खाल्लेल्या मेंदूला ऑक्सिजनची काही मिनिटांची कमतरतासुद्धा सोसत नाही. हनुवटी वर ओढून मान मागे वाकवू नका, कारण मानेलाही मार असू शकतो. दोन्ही बाजूंनी जबड्याच्या कोनाखाली बोटं घालून जबडा पुढे उचला. तोंडातली उलटी, रक्त सक्शनने काढा. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून मूल एकदम कुशीवर वळवा. ऑक्सिजन लावा, पल्स ऑक्सिमीटरवर ९४ च्या वर ठेवण्याचा प्रयत्न करा.

मग रक्तस्राव. टाळूची कातडी रक्ताने भरलेली असते, त्यामुळे छोटी जखमही भळभळते. स्वच्छ गॉज ठेवून दाबून धरा. खाली हाड आत खचल्यासारखं लागलं तर मधोमध दाब देऊ नका, कडेकडेने दाबा. तान्ह्या बाळात हे रक्त फार मोलाचं असतं. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त, म्हणजे पाच किलोच्या बाळात सगळं मिळून ४०० मिली. त्यातलं शंभर मिली झोळीच्या कापडात मुरलं तरी बाळ शॉकमध्ये जाऊ शकतं. आईने आणलेलं कापड किती भिजलंय, ते हातात घेऊन पाहा.

रक्तदाब मोजा. एक ते दहा वर्षांच्या मुलासाठी सोपा हिशोब असा: वयाची दुप्पट अधिक ७०. वरचा आकडा याहून खाली आला तर बीपी पडलेलं समजा. सहा वर्षांच्या मुलात ८२ च्या खाली. अशा वेळी नॉर्मल सलाईन किलोमागे १० ते २० मिली द्या. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली अजिबात लावू नका, त्याने मेंदूची सूज वाढते. मोठ्या मुलाचं बीपी नुसत्या डोक्याच्या मारामुळे सहसा पडत नाही. पडलं असेल तर पोट, छाती, मांडीचं हाड तपासा, रक्त तिकडे जात असेल. रक्तातली साखर प्रत्येक सुस्त मुलात तपासा, आणि ती कमी निघाली तरच साखर द्या.

पडलं म्हणून बेशुद्ध, की बेशुद्ध झालं म्हणून पडलं?

हा प्रश्न शहरातल्या पुस्तकी तपासणीत मागे राहतो. आपल्याकडे तो पहिला विचारायचा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडलेलं पोर उचलून आणतात आणि "झाडावरून पडलं असेल" असं सांगतात. पडताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं, हे नाव घेऊन विचारा. कोणीच पाहिलं नसेल तर मन मोकळं ठेवा.

कपाशीच्या भागात मूल सुस्त आहे, तोंडातून लाळ गळतेय, घाम सुटलाय आणि दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर फवारणीच्या औषधाची बाधा समोर ठेवा, कपड्यांचा वास घ्या. बाहुल्या दोन्ही मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं आणि मूल बरळतंय, तर धोत्र्याच्या बिया खाल्ल्यात का ते सोबतच्या पोरांना विचारा. गडचिरोलीत ताप येऊन झटका आलेलं मूल खाली पडतं आणि टेंगूळ घेऊन येतं. तिथे मलेरियाची आरडीटी, म्हणजे पट्टीवरची झटपट तपासणी, केल्याशिवाय पुढे जाऊ नका. रात्री जमिनीवर झोपलेलं मूल सकाळी पापण्या उघडेना, तर मण्यार साप चावल्याची शंका घ्या. मिरगीचं जुनं मूल गोळ्या सुटल्यामुळेही पडतं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तर विदर्भात घरोघरी विचारण्यासारखी गोष्ट आहे. सिकलसेल तपासणीनंतर मिळणारं लाल किंवा पिवळं कार्ड आहे का ते पाहा. सिकलसेलग्रस्त मुलात मुळातच हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे थोडा रक्तस्रावही जड जातो. अशा मुलाला मार किरकोळ वाटला तरी डोकं खूप दुखत असेल किंवा एक हात-पाय लुळा पडला असेल तर थांबू नका, कारण त्यांना पक्षाघातही होतो. रक्त न थांबण्याचा आजार, म्हणजे हिमोफिलिया, घरात कोणाला आहे का हेही विचारा. अशा मुलाला डोक्याचा मार लागला की सीटीची वाट न पाहता आधी फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, द्यायचा असतो. तो जवळ कुठे मिळतो, याची चौकशी रुजू झाल्याच्या आठवड्यातच करून ठेवा.

बाकी माहिती झटपट घ्या. किती वाजता पडलं, किती उंचीवरून, खाली माती होती की फरशी, लगेच रडलं का, किती वेळ शुद्ध नव्हती, उलट्या किती, झटका आला का. उंची फुटांत विचारू नका, "तुमच्या कमरेएवढी की डोक्याएवढी?" असं विचारा, उत्तर नेमकं येतं. आणि आईला एक प्रश्न स्वतंत्रपणे: "हे नेहमीसारखं वागतंय का?" आई "नाही" म्हणाली तर ते तुमच्या टॉर्चइतकंच खरं माना.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत सांगितलेली हकीकत आणि मार जुळत नसेल, दर वेळी गोष्ट बदलत असेल, आणायला कारण नसताना दोन दिवस लागले असतील किंवा अंगावर जुने-नवे वळ असतील तर बाळाला कोणी इजा केली असण्याची शक्यता मनात ठेवा. आरोप करत बसू नका. जे दिसलं ते तसंच लिहा, बाळाला भरती करून वर पाठवा. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

शुद्ध मोजायची कशी

'मूल सुस्त आहे' एवढं लिहून भागत नाही. तुमचं सुस्त आणि नागपूरच्या रेसिडेंट डॉक्टरचं सुस्त वेगळं असतं. म्हणून ग्लासगो कोमा स्केल, जीसीएस. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी आणलेली ही मोजपट्टी आजही जगभर चालते. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५. सर्वांत कमी ३.

डोळे आपणहून उघडे असतील तर ४, हाक मारल्यावर उघडले तर ३, चिमटा काढल्यावर २, नाहीच तर १. हालचालीत सांगितलेलं करतं ते ६, दुखेल तिथे हात नेऊन ढकलतं ते ५, नुसता हात ओढून घेतं ते ४, हात छातीकडे विचित्र आवळतो ते ३, हात-पाय ताठ सरळ होतात ते २, काहीच नाही तर १. बोलणाऱ्या मुलाला नाव, गाव, सोबत कोण आहे हे विचारा. नीट उत्तर ५, गोंधळलेलं ४, संदर्भ नसलेले शब्द ३, नुसतं कण्हणं २, काहीच आवाज नाही तर १. न बोलणाऱ्या बाळात हुंकार, हसू, नेहमीचे आवाज हे ५, किरकिर आणि रडणं ४, दुखवल्यावरच रडतं ते ३, कण्हतं ते २. बाळाच्या हालचालीत आपणहून नीट हातपाय हलवतं ते ६, स्पर्श केल्यावर हात मागे घेतं ते ५.

इथे मेळघाटात आणि भामरागड-एटापल्लीकडे एक फसगत होते. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला तुम्ही मराठीत "बाळा, नाव काय?" विचारता, ते गप्प बसतं आणि तुम्ही गुण कापता. पांढऱ्या कोटातल्या अनोळखी माणसाच्या परक्या भाषेला कोणतं मूल उत्तर देईल? प्रश्न आईकडून किंवा आशाताईकडून, त्याच्या बोलीत विचारून घ्या. पुढच्या प्रत्येक वेळीही तेच माणूस विचारेल असं बघा.

लिहिताना बेरीज एकटी लिहू नका, तुकडे लिहा: 'दु. ४.१०, डो ३, बो ४, हा ६, एकूण १३.' दोन गुणांची घसरण ही धोक्याची घंटा आहे, आणि हालचालीतली एका गुणाची घसरणही मी तेवढीच गंभीर मानतो. ८ किंवा त्याखाली म्हणजे मूल स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकत नाही.

हाताने डोकं तपासणं

केसांत रक्त सुकलेलं असतं, ते कोमट सलाईनने धुवा. मग बोटांच्या पोटांनी कपाळापासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सावकाश फिरा. तेल लावलेल्या दाट केसांखाली जखम सहज लपते. टेंगूळ कुठे आहे याला फार महत्त्व आहे. कपाळावरचं टेंगूळ दिसायला मोठं असलं तरी बहुधा निरुपद्रवी. दोन वर्षांखालच्या बाळात कानाच्या वर, बाजूला किंवा मागे पिठाच्या गोळ्यासारखी मऊ सूज लागली तर खाली हाड तडकलेलं असण्याची शक्यता बरीच. बाळ शांत, बसतं असताना टाळू पाहा. रडत नसतानाही ती फुगलेली आणि ताणलेली असेल तर आत दाब वाढलाय.

डोळ्यांभोवती दोन्हीकडे काळंनिळं, कानामागे निळसर डाग, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, या सगळ्या कवटीच्या तळाचं हाड मोडल्याच्या खुणा. डाग उमटायला काही तास लागतात, म्हणून पहिल्यांदा दिसले नाहीत तरी पुन्हा पाहा. कान-नाकात कापूस ठासू नका आणि नाकातून नळी घालू नका, गरज पडली तर तोंडातून घाला.

टॉर्चने दोन्ही बाहुल्या पाहा. शुद्ध उतरतेय आणि एक बाहुली मोठी होऊन उजेडाला आकसत नाही, तर मिनिटं मोजायला लागा. नाडी मंदावणं, बीपी वाढणं आणि श्वास अनियमित होणं, हे तिन्ही एकत्र दिसलं म्हणजे फार उशीर होत आला आहे.

कवटीचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. हाड शाबूत असूनही आत रक्त साचू शकतं.

कोणाला पाठवायचं, कोणाला थांबवायचं

अमेरिकेत ४२ हजारांवर मुलांचा अभ्यास करून २००९ साली काही निकष ठरवले गेले. पेकार्न या नावाने ते प्रसिद्ध आहेत. जीसीएस १५ हून कमी असेल किंवा मूल सुस्त, चिडचिडं, तोच तोच प्रश्न विचारणारं असेल, तर सीटी हवाच. दोन वर्षांखालच्या बाळात डोकं चाचपताना कवटीचं हाड मोडलेलं जाणवणं आणि त्यापुढच्या मुलात तळाचं हाड मोडल्याच्या खुणा, यांनाही तोच न्याय. या मुलांमध्ये साधारण शंभरात चार-पाच जणांना गंभीर इजा निघते. वाद घालत बसू नका, १०८ रुग्णवाहिकेला फोन करा.

दुसरा गट मधला. दोन वर्षांखाली: कपाळ सोडून दुसरीकडे टेंगूळ, पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपणं, तीन फुटांहून उंच पडणं, आईला वागणं वेगळं वाटणं. दोन वर्षांपुढे: शुद्ध हरपल्याचा इतिहास, उलटी, खूप डोकेदुखी, पाच फुटांहून उंच पडणं. चालत्या किंवा सायकलवरच्या मुलाला गाडीने उडवलं, किंवा गाडीतून मूल बाहेर फेकलं गेलं, तर वय कोणतंही असो, मार जोराचाच धरा. या गटात धोका शंभरात एकाच्या आसपास. एकच खूण असेल आणि मूल छान असेल तर मार लागल्यापासून चार ते सहा तास नजरेखाली ठेवता येतं. दोन-तीन खुणा एकत्र असतील, खूण वाढत असेल किंवा बाळ तीन महिन्यांखालचं असेल तर पाठवा. यातलं काहीच नसेल तर सीटीची गरज नाही. उगाच सीटी म्हणजे लहान मेंदूला उगाच किरणोत्सर्ग.

हे निकष जिथे बनले तिथे सीटीचं यंत्र खालच्या मजल्यावर होतं. म्हणून मी त्यात अंतर जोडतो. वर्ध्याजवळच्या पीएचसीतून सेवाग्राम किंवा सावंगीचं मोठं रुग्णालय तासाभरात गाठता येत असेल तर निर्धास्त थांबा. भामरागडला पावसाळ्यात आभाळ भरून आलंय, पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होणार, तर मधल्या गटातलं मूल उजेड आहे तोवर काढा. धारणीहून मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर आणि सिरोंच्याहून तेलंगणातलं मंचेरियल-वरंगल अनेकदा जवळ पडतं आणि लोक तिकडेच जातात. राज्याची सीमा मध्ये आणू नका. कुठे सीटी चालू आहे आणि न्यूरोसर्जन हजर आहे हे फोनवर विचारा. नुसता सीटी करून पुन्हा दुसरीकडे धाडलं गेलं तर मुलाचे तास वाया जातात.

थांबवून ठेवलेलं मूल

पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाला, त्यानंतर दोन तासांनी: जीसीएस, बाहुल्या, नाडी, बीपी, श्वास, चारही हातपायांची हालचाल. तक्ता बाजेच्या पायथ्याशी अडकवा म्हणजे ड्यूटी बदलली तरी धागा तुटत नाही. कवटी आणि तिच्या आतलं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं तेव्हा मूल आधी क्षणभर बेशुद्ध होतं, मग शुद्धीवर येऊन बोलतं, खेळतं, आणि काही तासांनी एकदम घसरतं. "पोट्टं बरं हाय, खेळून राह्यलं, जाऊ द्या ना घरी" असं आजोबा म्हणतात ते नेमकं याच मधल्या काळात. त्यांना हे शांतपणे, समोर बसून समजावून सांगा.

झोपू द्यायचं की नाही, हे प्रत्येक घर विचारतं. झोपू द्या. दमलेलं, रडून थकलेलं मूल झोपणारच. तपासणीच्या वेळी मात्र पुरतं जागं करा, ओळखतं का, बोलतं का पाहा. सहज जागं होत नसेल तर ती झोप नव्हे.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिग्रॅ, सहा तासांनी. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. गुंगी आणणारी उलटीची औषधं, फेनरगनसारखी, देऊ नका, सगळी खूण पुसून जाते. डेक्सामेथासोनचं इंजेक्शन आपल्याकडे डोक्याच्या मारात अजूनही सर्रास ठोकलं जातं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश या चाचणीत दहा हजारांवर प्रौढ रुग्णांमध्ये स्टिरॉइडने मृत्यू वाढले असं दिसलं, आणि मुलांमध्येही मेंदूची सूज उतरवायला ते द्यायला मार्गदर्शक सूचना नको म्हणतात. कपाटातली ती कुपी या कामासाठी काढू नका.

झटका आला तर कुशीवर वळवा, ऑक्सिजन द्या, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर नाकातून मिडाझोलम किलोमागे ०.२ मिग्रॅ, शीर मिळाली असेल तर लोराझेपाम किलोमागे ०.१ मिग्रॅ. त्यानंतर श्वासावर लक्ष ठेवा, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग हाताशी असू द्या.

पाठवताना

१०८ ला सांगताना वय, जीसीएस आणि 'डोक्याचा मार, एएलएस गाडी हवी' (म्हणजे जीवरक्षक साधनं असलेली गाडी) हे आधी सांगा. डोक्याकडची बाजू ३० अंश उंच, मान सरळ मध्यावर, मानेची कॉलर घट्ट नको, नाहीतर मानेतून परतणारं रक्त अडतं. मानेचा संशय असेल तर मान न वाकवता पूर्ण स्ट्रेचर डोक्याकडून उचला. एक बाहुली मोठी झाली आणि शुद्ध उतरतेय, तर वरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, बीपी चांगलं असेल तरच, २० टक्के मॅनिटॉल किलोमागे २.५ ते ५ मिली १५-२० मिनिटांत द्या. तीन टक्के सलाईन असेल तर ते बरं, किलोमागे २ ते ५ मिली. त्यासाठी गाडी मात्र थांबवून ठेवू नका.

रस्त्यावरचा अपघात किंवा मारहाण असेल तर एमएलसी (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) नोंदवा, पण उपचार आणि रेफर त्यासाठी अडवू नका. चिठ्ठीवर पडण्याची वेळ, पहिला जीसीएस, शेवटचा जीसीएस, बाहुल्या, दिलेली औषधं आणि तुमचा मोबाइल क्रमांक. 'हेड इंज्युरी, रेफर्ड टू हायर सेंटर' एवढीच ओळ लिहून मूल पाठवू नका.

घरी सोडताना

चार-सहा तास ठीक राहिलेलं, जीसीएस १५, खाल्लेलं पचलेलं आणि घरी सांभाळणारं जाणतं माणूस असलेलं मूल सोडता येतं. घर गावाबाहेर शेतात असेल आणि रात्री वाहन मिळणार नसेल तर सकाळपर्यंत ठेवा. सोडताना आईकडून धोक्याच्या खुणा परत म्हणवून घ्या: जागं न होणं, वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटका, तोल जाणं, एका बाजूचा अशक्तपणा, कान-नाकातून पाणी, बाळ दूध न ओढणं. यातलं एकही दिसलं तर रात्री दोनलाही यायचं.

जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका, टेंगूळ चोळू नका, झटक्यात कांदा-चप्पल हुंगवू नका, सुस्त मुलाला पाणी पाजू नका, हेही सांगा. मेळघाटात भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, जाणारच असतील तर त्यांच्याशी भांडण नको. मी तर भूमकालाच ओळखून ठेवायला सांगेन. "उलट्या करणारं, झोपाळलेलं पोर आलं तर आधी दवाखान्यात धाड" एवढं त्याने ऐकलं तरी पुष्कळ झालं.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी. मग हळूहळू शाळा, आधी अर्धा दिवस चालेल. कबड्डी, झाडावर चढणं, बैलगाडीवर उभं राहणं हे डोकेदुखी-चक्कर पूर्ण थांबेपर्यंत नाही, कारण मेंदू सावरायच्या आत दुसरा मार लागला तर तो जास्त भारी पडतो. गुरुजींना चिठ्ठी द्या. मूल वर्गात चिडचिड करतंय, विसरतंय, ते कामचुकारपणा नाही हे त्यांना कळायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंनी घरी जाऊन मूल चालताना, बोलताना पाहावं आणि तुम्हाला फोन करावा. दोन आठवड्यांनंतरही डोकेदुखी, झोपेची तक्रार किंवा अभ्यासातली घसरण राहिली तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा, सोबत तो पहिल्या दिवसाचा तक्ताही द्या.